तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आणि नागरिक

महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना दिल्ली दाखविण्याचा आम्हा मराठी कुटुंबांचा क्रम जवळजवळ ठरून गेलेला आहे. पहिल्या दिवशी कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर, दुसऱ्या दिवशी लाल किल्ला आणि राजघाट, तिसऱ्या दिवशी आग्रा, आणि उरलेला वेळ करोलबागेच्या बाजारात. सिव्हिल लाइन्समधील २६, अलीपूर रोड या पत्त्याकडे आमच्यापैकी काही कुटुंबांचे पाय दर वर्षी ६ डिसेंबरला न चुकता वळतात. बाकीच्यांनी तो रस्ता विद्यापीठाकडे जाता-येता नुसता पाहिलेला असतो. एकाच मंडळाच्या सभासदांत अशा दोन दिल्ली असाव्यात, ही गोष्ट सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात बोलून दाखवावी की नाही याचा आम्ही विचार केला, आणि बोलून दाखवावी असेच ठरविले. कारण ज्या विषयावर आम्हांला लिहावयाचे आहे तो त्याच घराशी येऊन पोहोचतो.

सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या ठिकाणी राहावयास आले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे राष्ट्रीय स्मारक खुले झाले. उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची ती वास्तू आहे, आणि ते पुस्तक अर्थातच भारताच्या राज्यघटनेचे आहे. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून, कायदेपंडित म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. ते काही काळ विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ती आम्हांला आठवली त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या मंडळात दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो. अभियांत्रिकीला प्रवेश मिळविलेला मुलगा पुढे आला की टाळ्या, वैद्यकीला गेलेली मुलगी आली की अधिक टाळ्या. काही वर्षांपूर्वी एक मुलगी पुढे आली, तिने दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेतला होता. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ क्षणभर थांबले आणि ‘हाही एक विषय आहे’ असे म्हणून त्यांनी वेळ निभावून नेली. सभागृहात हशा पिकला. मुलगीही हसली. नंतर चहाच्या वेळी तिच्या आईला चौघांनी तरी विचारले असेल, की पुढे काय? प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नोकरीसाठी गाव सोडून एवढ्या दूर आलेल्या माणसांना पोटापाण्याचा प्रश्न प्रथम सुचावा, यात नवल नाही. परंतु तत्त्वज्ञान शिकून त्या मुलीचे काय होणार, एवढाच तो प्रश्न होता. ती तत्त्वज्ञान शिकली तर इतरांचे काय होणार, हे कोणी विचारले नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते इतिहासात आहे, आणि त्याचा बराचसा भाग मराठी माणसांच्या इतिहासात आहे.

आपल्याकडील जुन्या शास्त्राध्ययनात ‘पूर्वपक्ष’ नावाची एक शिस्त होती. कोणत्याही वादाच्या विषयावर आधी शंका मांडावयाची, मग प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावयाचे, आणि त्यानंतरच आपला सिद्धान्त सांगावयाचा. यातली मख्खी मधल्या पायरीत आहे. पूर्वपक्ष असा मांडला पाहिजे की खुद्द प्रतिपक्षाने तो ऐकून ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे कबूल करावे. दुबळा पूर्वपक्ष मांडून तो खोडून काढणे हे शास्त्र्यांच्या सभेत कमीपणाचे समजले जाई. इतकी उदात्त शिस्त ज्या समाजाने घडविली, त्यानेच त्या सभेचे दार मात्र जन्मावरून बंद ठेवले. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांचा पूर्वपक्ष त्या सभेत कधी मांडलाच गेला नाही; त्यांच्याविषयी केवळ निर्णय दिले गेले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा, निदान कायद्याने, हे दार किलकिले झाले. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे विषय आता परीक्षेला बसणाऱ्या कोणालाही शिकता येणार होते.

या दारातून आत गेलेल्या पहिल्या पिढ्यांत गोपाळ गणेश आगरकर होते. टेंभूसारख्या लहान गावी १८५६ मध्ये जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला, आणि मिल, स्पेन्सर यांचे ग्रंथ त्याने केवळ परीक्षेपुरते वाचले नाहीत. एम. ए. होताच मोठ्या पगाराची नोकरी धरण्याऐवजी आपण लोकशिक्षणाला वाहून घेणार, असे त्यांनी आईला पत्राने कळविले, ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या आईच्या मनात काय आले असेल याचा विचार मात्र पाठ्यपुस्तके करीत नाहीत. आमच्या गुणगौरव समारंभातील त्या माउलीला विचारले तर ती कदाचित सांगू शकेल.

आगरकरांच्या तत्त्वज्ञानाचा नागरिक म्हणून उपयोग काय झाला? ४ जानेवारी १८८१ रोजी निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे या जिवलग मित्राशीच सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद झाले, तेव्हा १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यांच्या जिवंतपणीच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. ज्याची तिरडी निघाली तो माणूस दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लेख लिहितो, आणि त्या लेखात शिवीऐवजी युक्तिवाद असतो, हे बळ कोठून आले? स्वभावातून काही आले असेल. पण तर्कशास्त्राच्या अभ्यासातूनही काही आले असले पाहिजे. फर्ग्युसनमध्ये त्यांनी हेच विषय शिकविले, १८९२ मध्ये ते त्या कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १८९५ च्या जूनमध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंतच त्यांना आयुष्य लाभले.

यानंतर महाराष्ट्रात एक विलक्षण गोष्ट घडली आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, तर खानदेशात बोरी नदीकाठच्या अमळनेरला. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापसाच्या व्यापाऱ्याने धर्मशाळा बांधावी, विहीर खणावी, हे आपल्या परिचयाचे. अखिल भारतातील तत्त्वचिंतकांनी येऊन राहावे, वाचावे आणि वाद घालावा म्हणून त्याने संस्था काढावी, हे आजही चकित करणारे आहे. घनश्यामदास मलकानी यांच्यासारख्यांनी ती वर्षानुवर्षे चालविली, टी. आर. व्ही. मूर्ती, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे पंडित तेथे राहून गेले. १९२३ च्या सुमारास पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक तरुण या मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आला. तेथे त्याचे मन फार काळ रमले नाही. जवळच्याच शाळेत तो शिक्षक झाला, छात्रालयातील मुलांचा आईसारखा सांभाळ करू लागला आणि १९३० मध्ये सत्याग्रहात उतरला. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार हरिजनांसाठी उघडले गेले. त्यांना आपण ‘श्यामची आई’साठी डोळे पुसत आठवतो. अद्वैत पुस्तकात खरे असेल तर ते देवळाच्या उंबरठ्यावरही खरे असले पाहिजे, असा हट्ट धरणारा हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता, हे मात्र आपण विसरतो.

ज्या १९१६ साली अमळनेरचे मंदिर उभे राहिले, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आपला अभ्यास आटोपून भीमराव आंबेडकर लंडनला निघाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते तेथे गेले होते. मुख्य विषय अर्थशास्त्र; त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान. नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान हे विषय त्यांनी प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्या वर्गांत बसून ऐकले. ड्यूई हे व्याख्यानपटू मुळीच नव्हते. खिडकीबाहेर पाहत, शब्द शोधत ते बोलत, असे त्यांचे अनेक विद्यार्थी सांगतात. परंतु त्यांचा एक विचार या तरुणाच्या मनात कायमचा रुजला. लोकशाही म्हणजे केवळ निवडणूक आणि सरकार नव्हे. माणसांनी एकमेकांचा अनुभव एकमेकांना सांगत एकत्र जगण्याची ती रीत आहे, हा तो विचार. ज्या समाजात माणसे एका विहिरीवर पाणी भरू शकत नाहीत, तेथे अनुभव सांगणार कोणाला आणि ऐकणार कोण? ड्यूईंना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न त्यांच्या मराठी विद्यार्थ्याने त्यांच्या विचाराला विचारला, आणि आमच्या मते खरे तत्त्वज्ञान शिकणे ते हेच.

वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले. त्यांचे भाषण आधी वाचून मंडळ बिचकले. काही भाग गाळावा, अशी विनंती झाली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे उत्तर गेले. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यात ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून, मोठे ऋण मान्य करून केलेला आहे, आणि भूतकाळातील सगळेच जतन करीत बसण्यापेक्षा चांगल्या भविष्यास उपयोगी असेल तेवढे पुढच्या पिढीकडे सोपवावे, हा त्यांचा विचारही घेतलेला आहे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणावर टीका लिहिली. यानंतर जे झाले ते तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक वर्गात सांगितले जावे असे आम्हांस वाटते. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींचे टीकालेख आपल्याच पुस्तकात समाविष्ट केले आणि त्यांच्यापुढे आपले उत्तर छापले. ते उत्तर सौम्य नाही. वाचताना आजही चटका बसतो. परंतु वाचकाच्या हाती दोन्ही बाजू एकाच वेळी देण्यात आल्या. ज्या शास्त्राच्या सभेत त्यांच्या पूर्वजांना पाऊल ठेवू दिले नव्हते, तिची सर्वांत चांगली शिस्त ही अशी त्यांनी पाळली. ज्यांच्याकडे ती वारशाने आली होती, त्यांपैकी कितींनी त्या काळी ती पाळली?

आता दिल्लीकडे वळू. ज्या गोल इमारतीवरून आपण मुलांना घेऊन कितीदा तरी गेलो असू, आणि जिला २०२३ पासून ‘संविधान सदन’ म्हणतात, तिच्यात घटना समितीचे काम २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस चालले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा समितीपुढे ठेवला. त्या दिवशीचे भाषण जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. मसुद्याची स्तुती त्यात थोडी आहे. मसुद्यावर झालेली टीकाच त्यांनी एकेक करून घेतली आहे. मसुद्यात नवीन काही नाही, १९३५ च्या कायद्यातून पुष्कळ घेतले आहे, खेड्यांना स्थान नाही, केंद्र फार बलवान आहे, हे सारे आक्षेप त्यांनी स्वतः उभे केले. खेड्यांच्या बाबतीत तर आक्षेप घेणाऱ्यांचा मोठा आधार असलेला मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचा लांबलचक उतारा त्यांनी स्वतःच सभागृहात वाचून दाखविला, आणि मग आपल्याला खेड्याविषयी वेगळे का वाटते ते अत्यंत कडक शब्दांत सांगितले. खेडे ज्याने गावकुसाबाहेरून पाहिले होते त्याचे ते मत होते. सभागृहातील अनेकांना ते रुचले नाही. अठरा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतींचे कलम घालण्याची दुरुस्ती के. संतानम यांनी मांडली, आणि बाबासाहेबांनी ती एका वाक्यात स्वीकारली. आज ते घटनेतील चाळीसावे कलम आहे. स्वतःचे मत न सोडता सभागृहाचे मत मान्य करणे या दोन गोष्टी एका माणसात एकत्र कशा नांदतात, हे त्या अठरा दिवसांत दिसते.

त्याच भाषणात त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या आधाराने ‘संविधानिक नीतिमत्ता’ हा शब्दप्रयोग केला. घटनेच्या चौकटीविषयी आदर, अधिकाऱ्यांची आज्ञा पाळतानाच त्यांच्यावर मोकळेपणाने टीका करण्याचे स्वातंत्र्य, आणि आपल्या विरोधकालाही ही चौकट आपल्याइतकीच प्रिय आहे हा विश्वास, असा त्याचा साधारण आशय. ही वृत्ती माणसाला जन्मतः मिळत नाही, ती अभ्यासाने लावून घ्यावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकावयाची आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पंचाहत्तरांहून अधिक वर्षे झाली. ही शिकवणी कोठे मिळते, असे कोणी आम्हांला विचारले तर आम्ही काय सांगणार?

मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी कोणाचे आभार मानले ते पाहण्यासारखे आहे. सहकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे तर मानलेच. परंतु पक्षाची शिस्त न जुमानता सतत आक्षेप घेणाऱ्या ‘बंडखोरां’चेही त्यांनी नावे घेऊन मानले. कामत, सिधवा, के. टी. शहा, कुंझरू यांच्या बरोबरीने त्यात डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. वैदिक धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविलेला. पुढे देशाचा कृषिमंत्री. एक मराठी माणूस मसुदा मांडतो, दुसरा मराठी माणूस उठून उठून त्याला विरोध करतो, आणि अखेरीस पहिला दुसऱ्याचे आभार मानतो, कारण त्या विरोधामुळेच आपल्याला घटनेची तत्त्वे विशद करण्याची संधी मिळाली. दिल्लीतील मराठी माणसांच्या आपापसातील भांडणांचा इतिहास आम्ही पन्नास वर्षे जवळून पाहिला आहे. त्यात असा शेवट झालेले भांडण आम्हांला तरी आठवत नाही.

याच भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलची आठवण करून देऊन, कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायांशी आपले स्वातंत्र्य ठेवू नये, असा इशारा दिला. भक्ती ही धर्मात मोक्षाची वाट असेल, राजकारणात ती अधःपाताची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्तर वर्षांपूर्वी डेक्कन कॉलेजात आगरकरांनी जो मिल वाचला, तोच दिल्लीच्या सभागृहात देशाचा कायदामंत्री उद्धृत करतो. मधल्या काळात विद्यापीठांतून तत्त्वज्ञानाच्या वर्गात किती मुले बसली असतील, त्यातील किती पुढे नुसतेच कारकून झाले असतील. पण ती साखळी तुटली नाही.

येथवर आम्ही आमची बाजू मांडली. पूर्वपक्षाचे गोडवे गाऊन आमच्याविरुद्धचा पूर्वपक्ष न मांडणे बरे दिसणार नाही. पहिला आक्षेप असा, की तत्त्वज्ञान शिकल्याने माणूस चांगला नागरिक होतो, हे खोटे आहे. विसाव्या शतकातील अत्यंत मोठ्या तत्त्वज्ञांपैकी एक, मार्टिन हायडेगर, १९३३ मध्ये जर्मनीत नाझी पक्षाचा सभासद झाला, आणि तेही फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू असताना. दुसरा आक्षेप याहून जवळचा आहे. जोतीराव फुले कोणत्या विद्यापीठात शिकले? टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी स्वतःच वाचले आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तेव्हा मुंबई विद्यापीठ जन्मालाही आले नव्हते. गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती. खराटा हातात घेऊन त्यांनी जेवढी नागरिकशास्त्राची शिकवण दिली, तेवढी शंभर प्राध्यापकांनी दिली नसेल.

हे दोन्ही आक्षेप आम्हांला मान्य आहेत. ते खोडून काढण्याची आमची इच्छाही नाही. हायडेगरवरून एवढे कळते, की बुद्धीची तालीम झाली तरी ती वापरण्याचे धैर्य निराळे कमवावे लागते. आणि गाडगेबाबा कीर्तनात काय करीत, ते आठवून पाहावे. ते लोकांना प्रश्न विचारीत. देव कोठे आहे, नवस कशाला, कर्ज काढून सण का, असे एकामागून एक प्रश्न, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. अथेन्सच्या बाजारात सॉक्रेटिस यापेक्षा निराळे काही करीत नव्हता. जोतीराव आणि गाडगेबाबा शतकात एखादे जन्मतात. विद्यापीठातील वर्ग हा आपल्यासारख्या सामान्यांसाठी आहे. ज्यांना ती दृष्टी उपजत नाही त्यांनी ती तीन वर्षे बसून, टिपणे काढून, नापास होण्याची भीती बाळगून थोडीफार मिळवावी, एवढीच त्याची योग्यता. ती आम्हांला कमी वाटत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या कामी मराठी माणसांनी पुष्कळ कष्ट केले. सुरेंद्र बारलिंगे यांनी काही काळ दिल्ली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविले. भारतीय तर्कशास्त्रावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये दिल्लीतूनच प्रसिद्ध झाले. पुढे पुण्यास जाऊन त्यांनी १९७३ मध्ये ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू केले आणि १९७९ मध्ये मराठीत ‘परामर्श’. प्रा. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ मध्ये निघाले. ज्या भाषेत तत्त्वज्ञानाचा कोश आहे, त्या भाषेत गंभीर वाद घालता येतो. आपण घालत नसलो तर तो भाषेचा दोष नव्हे. आणि १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण प्रभृतींनी एक प्रयोग केला, तो तर आमच्या विषयाचा कळसच म्हणावा लागेल. काशी वगैरे ठिकाणच्या नैयायिक पंडितांसमोर बर्ट्रंड रसेलचे सिद्धान्त संस्कृतात मांडून त्यांचा निर्णय मागण्यात आला. पंडित बद्रीनाथ शुक्ल यांच्यासारख्यांनी त्यावर शास्त्रार्थ केला. त्याचा वृत्तान्त ‘संवाद’ या नावाने दिल्लीच्या भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. दोन परंपरा एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. त्यांना समोरासमोर बसविण्यासाठी कीर्ती महाविद्यालयात शिकविलेल्या एका मराठी प्राध्यापकाने पुढाकार घ्यावा, याचा अभिमान वाटतो.

आज दिल्लीत तत्त्वज्ञान सर्वांत अधिक कोठे वाचले जाते, असे विचाराल तर उत्तर अनपेक्षित आहे. ते विद्यापीठाइतकेच, कदाचित अधिकही, जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात वाचले जाते. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ येथून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेली आपली मुले तेथील कोंदट खोल्यांत राहतात, आणि गणपतीत मोदकासाठी, पाडव्याला पुरणपोळीसाठी मंडळात येतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतलेला असतो. का घेतला, असे विचारले तर अभ्यासक्रम आटोपशीर आहे, असे प्रामाणिक उत्तर मिळते. २०१३ पासून तर त्या परीक्षेत नीतिशास्त्राची अडीचशे गुणांची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच आहे. दीडशे शब्दांत कर्तव्य, दीडशे शब्दांत करुणा. बाजारात तयार उत्तरे मिळतात.

याची चेष्टा करावी असे पूर्वी आम्हांला वाटत असे. एका रविवारी अशाच दोन मुलांचे आमच्या बैठकीच्या खोलीत भांडण जुंपले आणि आमचे मत थोडे बदलले. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात जातिभेद, गांधी आणि आंबेडकर असा एक मुद्दा आहे; त्यावरून वाद सुरू झाला होता. एक मुलगा मराठवाड्यातील एका बौद्ध घरातला, दुसरा सातारकडचा देशमुख. परीक्षेच्या सरावासाठी म्हणून त्यांनी अदलाबदल केली होती. देशमुखांच्या मुलाने आंबेडकरांची बाजू मांडावयाची आणि दुसऱ्याने गांधींची, असे ठरले होते. तासाभराने खेळ राहिला बाजूला. गांधींची बाजू मांडणारा मुलगा मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘हे मला मांडता येतंय, पण मांडताना त्रास होतोय.’ दुसऱ्याने लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘मला तुझी बाजू मांडताना त्रास व्हायला पाहिजे होता. झाला नाही. का झाला नाही, तेच बघतोय.’ घरात चहा झाला होता, तो निवला. पुढे त्यांतील एक जण उत्तीर्ण झाला आणि एक झाला नाही. दोघेही मंडळात येतात.

त्या दोघांना घेऊन आम्ही एकदा अलीपूर रोडला गेलो. त्या बौद्ध घरातल्या मुलाने ते पूर्वी पाहिलेले होते. तो आम्हांलाच माहिती सांगत होता. वाटेत त्याने १९५२ मधली हकीकत सांगितली. त्या वर्षीच्या ५ जूनला कोलंबिया विद्यापीठ बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देणार होते. त्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा वृद्ध ड्यूईंना भेटण्याची त्यांना फार ओढ होती. ते वाटेत असतानाच ड्यूई वारले. १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी. आपले सारे बौद्धिक जीवन या माणसाचे ऋणी आहे, असे बाबासाहेबांनी तेथून माईसाहेबांना पत्राने कळविले.

अलीपूर रोडच्या घरात त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ सिद्धीस नेला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्याच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी वाचण्यासाठी जवळ मागवून घेतली होती. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रारंभी त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे प्रचलित उत्तर पटण्यासारखे आहे काय? चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचाच भाग आहेत काय? आत्मा मानावयाचा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची? आणि भिक्षू निर्माण केला तो कशासाठी, स्वतःच्या पूर्णतेसाठी की लोकांच्या सेवेसाठी? लाखो माणसांनी ज्यांच्या शब्दावर दोन महिन्यांपूर्वी नागपुरात धर्मांतर केले होते, त्यांनी त्या धर्माच्या ग्रंथाचा आरंभ अशा शंकांनी केला आहे, आणि वाचकांनी त्यांचा विचार करून त्या सोडविण्यास हातभार लावावा, अशी आशा व्यक्त केली आहे.

स्मारकाच्या आवारातील झाडाखाली बसून तो मुलगा हे चार प्रश्न आम्हांला तोंडपाठ सांगत होता. दुसऱ्या प्रश्नावर देशमुखांच्या मुलाने त्याला अडविले, आणि सिव्हिल लाइन्सच्या मेट्रो स्थानकापर्यंत दोघांचे तेच चालले होते.